काइटसर्फिंग शिकायला सपाट पाणी का हवे? रामेश्वरच्या दोन समुद्रांची गोष्ट

काशी-रामेश्वर यात्रा करणारी मराठी कुटुंबे पूर्वापार रामेश्वरची वाळू प्रयागला नेतात आणि तिथली गंगा रामेश्वरच्या पिंडीवर घालायला आणतात. ही वाळू घ्यायला जो धनुष्कोडीपर्यंत जातो, त्याच्या नजरेतून एक गोष्ट सहसा सुटत नाही. समुद्रात घुसलेल्या त्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीच्या एका अंगाला लाटा फुटत असतात, आणि काही पावले चालून दुसऱ्या अंगाला गेले की पाणी तळ्यासारखे निवांत असते. तिथले तमिळ लोक उत्तरेकडच्या पाल्कच्या उपसागराला ‘पेण् कडल’, म्हणजे बाईसमुद्र, आणि दक्षिणेकडच्या मन्नारच्या आखाताला ‘आण् कडल’, म्हणजे पुरुषसमुद्र म्हणतात. दोन समुद्रांच्या स्वभावातला हा फरक ज्या कारणांनी पडतो, जवळजवळ त्याच कारणांनी रामेश्वर हे भारतात काइटसर्फिंग शिकण्याचे सर्वांत चांगले ठिकाण ठरले आहे असे माझे मत आहे. ती कारणे समजली, की जगातला कोणताही किनारा नवशिक्याच्या उपयोगाचा आहे की नाही, हे बऱ्याच अंशी स्वतःचे स्वतःला ठरवता येते.

आधी या खेळाची ओळख करून घेऊ. काइटसर्फिंगचे साहित्य मोजके असते. पुढच्या कडेत पंपाने हवा भरलेला, साधारण सात ते चौदा चौरस मीटरचा कापडी पतंग; त्याला जोडलेल्या वीस ते पंचवीस मीटर लांबीच्या चार किंवा पाच दोऱ्या; दोऱ्यांच्या टोकाशी हाताने धरायचा दांडा, ज्याला सगळीकडे ‘बार’च म्हणतात; कमरेला आवळायचा रुंद पट्टा, म्हणजे हार्नेस; आणि पायांखाली फळी, म्हणजे बोर्ड. पतंगाची ओढ हातांवर न येता हार्नेसच्या हुकातून कमरेवर येते, त्यामुळे या खेळाला दंडातल्या ताकदीपेक्षा अंदाज आणि तोल अधिक लागतो, आणि किरकोळ अंगाची माणसेही तो तासन् तास खेळू शकतात. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रूनो आणि दोमिनिक लेगेन्यू या दोघा भावांनी १९८४ साली हवा भरलेल्या पतंगाचे पेटंट घेतले. कडेत हवा असल्यामुळे हा पतंग पाण्यावर पडला तरी बुडत नाही आणि दोऱ्या खेचून त्याला पुन्हा उडवता येते. पुढे २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये, मार्सेयच्या समुद्रावर, हा खेळ पहिल्यांदा पदकांसाठी खेळला गेला.

संक्रांतीला पतंग उडवलेल्या माणसाला वाटते की आपल्याला यातले निम्मे येतेच. वारा ओळखण्याच्या बाबतीत ते खरेही आहे, पण ओढीच्या बाबतीत हा अनुभव दगा देतो. गच्चीवरचा पतंग आकाशात कुठेही असला तरी त्याची ओढ बोटाने पेलता येते. काइटची ओढ मात्र तो आकाशात कोणत्या जागी आहे, यावर अवलंबून असते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता डोक्यावरून डाव्या-उजव्या क्षितिजापर्यंत एक कमान कल्पावी. या कमानीच्या कडेवर पतंग असला, तर तो जवळजवळ ओढच देत नाही. डोक्यावर बाराच्या काट्यावर ठेवलेला पतंग म्हणूनच शांत असतो. मात्र तो कमानीच्या आत, समोरच्या मध्यभागात झेपावला, की त्याच वाऱ्यात त्याची ओढ कित्येक पटींनी वाढते, कारण आता त्याच्यावर नुसता समुद्राचा वारा येत नसून त्याच्या स्वतःच्या वेगामुळे निर्माण झालेला वाराही त्यात मिळालेला असतो. प्रशिक्षक या साऱ्या कमानीला ‘विंड विंडो’ म्हणतात, आणि पहिल्या दिवसाचे शिक्षण म्हणजे बहुतांशी ही कमान अंगात भिनवणे असते.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे, कारण ती माणसाच्या स्वभावाविरुद्ध जाते. बार आपल्याकडे ओढला की पतंग वाऱ्याला अधिक तिरका होतो आणि त्याची ओढ वाढते; बार दूर ढकलला किंवा सोडून दिला की ती उतरते. घाबरलेला माणूस मात्र नेमका उलट वागतो, हाताला जे लागेल ते घट्ट धरून छातीशी ओढतो. मी शिकत असताना पहिल्या तासात हेच केले: पतंग डावीकडे कलंडू लागताच दोन्ही मुठी आवळल्या, आणि पुढच्याच क्षणी कमरेइतक्या पाण्यातून उचलला जाऊन चार-पाच मीटर पुढे तोंडावर आपटलो. नाकातोंडात खारे पाणी गेले, पण पायांखाली मऊ वाळू होती, म्हणून उठून उभा राहिलो आणि हसू शकलो. हाच प्रकार खडकाळ किनाऱ्यावर किंवा छातीच्या वरच्या पाण्यात घडला असता तर काय झाले असते, हा विचार मला त्या रात्री आला, आणि किनाऱ्याच्या निवडीकडे मी तेव्हापासून गंभीरपणे पाहू लागलो. ‘बार सोड’ हे दोन शब्द प्रशिक्षक दिवसातून पन्नास वेळा ओरडून सांगतो, ते उगीच नव्हे.

वाऱ्याचा जोर मोजायचे एकक म्हणजे नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. नवशिक्याला साधारण १२ ते १८ नॉटचा स्थिर वारा सोयीचा असतो. इथे एक हिशेब लक्षात ठेवावा: वाऱ्याचा वेग दीडपट झाला तर ओढ दीडपट होत नाही, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा १५ नॉटवरून २० नॉटवर गेला, म्हणजे वेग फक्त एक तृतीयांशाने वाढला, पण पतंगावरचा जोर जवळजवळ पावणेदोन पट झाला. म्हणूनच सरासरी वाऱ्याइतकेच त्यातले झोतही महत्त्वाचे असतात, आणि १६ नॉटचा एकसारखा वारा नवशिक्याला १० ते २२ मध्ये हेलकावे खाणाऱ्या वाऱ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो.

आता पाण्याकडे येऊ. वाऱ्याने उठणाऱ्या लाटांची उंची तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो, आणि पाण्यावरून त्याला किती लांब धाव मिळते. यातली तिसरी गोष्ट आपल्या विषयाचा गाभा आहे. अरबी समुद्रावरून शेकडो किलोमीटर धावत आलेला वारा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उंच लाटा घेऊन येतो, पण तोच वारा जमीन ओलांडून दुसऱ्या बाजूच्या पाण्यावर उतरला, तर किनाऱ्यालगतच्या पहिल्या काही शे मीटरांत त्याला लाट उभी करायला अंतरच मिळत नाही. पाणी नुसते शहारते, त्यावर बारीक सुरकुत्या उठतात, आणि बोर्ड त्यावरून इस्त्री फिरवावी तसा जातो. बोर्डवर उभे राहण्याचा प्रयत्न करणाऱ्याला हे किती मोलाचे आहे, ते लाटांत शिकायला गेलेल्यालाच कळते. लाट आली की बोर्ड वाहून जातो, पायांतून निसटतो, आणि पतंगाकडे लक्ष ठेवायचे की पाण्याकडे, या गोंधळात हातातला बार विसरला जातो.

मात्र इथेच या खेळातला सर्वांत मोठा पेच आहे, आणि तो जाहिरातींमधल्या निळ्याशार छायाचित्रांत कुठेही दिसत नाही. पाणी सपाट असण्याचे कारण जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा असेल, तर तोच वारा नवशिक्याला समुद्रात आत घेऊन जातो. सुरुवातीला प्रत्येकजण वाऱ्याच्या दिशेने वाहत जातो; निघालो त्याच जागी परत यायचे, म्हणजे वाऱ्याला तिरके कापत वर चढायचे, हे कौशल्य बरेच नंतर येते. समुद्राकडून किनाऱ्याकडे वारा असेल तर चुकलेला माणूस फार तर वाळूवर येऊन पडतो, पण तेव्हा लाटाही त्याच दिशेने येत असतात आणि पतंग किनाऱ्यावरच्या झाडांवर, खांबांवर आदळण्याची भीती असते. किनाऱ्याला समांतर किंवा किंचित किनाऱ्याकडे झुकलेला वारा सर्वसाधारणपणे सर्वांत सुरक्षित मानला जातो, पण असा वारा आणि सपाट पाणी एकत्र क्वचितच सापडतात. जिथे सापडतात तिथे मध्ये एखादा वाळूचा दांडा, प्रवाळाची भिंत किंवा खाडीचे तोंड लाटा अडवत असते. जगातल्या नावाजलेल्या नवशिक्यांच्या जागा, मग ते श्रीलंकेतले कल्पिटियाचे लगून असो की मोरोक्कोच्या दक्षिणेकडचे दाखलाचे, अशाच एखाद्या आडोशामुळे नावारूपाला आल्या आहेत.

रामेश्वरला हा पेच कसा सुटतो, ते आता पाहू. पांबन बेटाचे पूर्वेकडचे शेपूट, म्हणजे धनुष्कोडीची पट्टी, वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेली आहे, आणि इथले दोन्ही मुख्य वारे तिला जवळजवळ आडवे छेदतात. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा मन्नारच्या आखातावरून येतो, तेव्हा दक्षिणेचा किनारा लाटांनी गजबजतो आणि उत्तरेचे पाणी सपाट राहते. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा वाहतो, तेव्हा हे चित्र उलटते आणि दक्षिणेकडचा, एरवी पुरुषसमुद्र म्हणवणारा किनारा शिकण्याजोगा होतो. वर्षातून दोन हंगाम, आणि प्रत्येक हंगामात एका बाजूला सपाट पाणी, अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तमिळनाडूत परतीचा पाऊस आणि वादळे असतात. ते महिने टाळावेत.

पावसाळ्यात कोकणात घराबाहेर पडवत नाही, मग त्याच दिवसांत रामेश्वरला ऊन आणि वारा कसा, असा प्रश्न मराठी वाचकाला पडणे साहजिक आहे. नैऋत्य मोसमी वारा आपल्याकडचे बाष्प सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर रिकामे करतो, आणि तमिळनाडूचा हा कोपरा पर्जन्यछायेत येतो. वारा मात्र थांबत नाही. दक्षिण भारताचे डोंगर आणि श्रीलंकेचे डोंगर यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून तो दाटीने घुसतो, आणि नळाच्या तोंडावर बोट ठेवल्यावर पाण्याला जसा जोर येतो तसा त्याला जोर येतो. याच वाऱ्याच्या भरवशावर कन्याकुमारीजवळ मुप्पंदल येथे पवनचक्क्यांचे जंगल उभे आहे. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी होड्या वर ओढून ठेवतात, त्याच आठवड्यांत रामेश्वरला काइटसर्फिंगचा भर हंगाम असतो.

जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याचा आणखी एक दोष असतो: घरे, झाडे, टेकड्या यांना आपटून तो विस्कटतो आणि झोतांनी भरतो. एखाद्या अडथळ्याच्या मागे त्याच्या उंचीच्या किमान सातपट अंतर सोडावे असे शिकवले जाते. धनुष्कोडीला हा दोष बराच कमी आहे, आणि त्यामागचे कारण दुःखद आहे. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळात हे गाव, त्याचे रेल्वेस्थानक आणि पांबनहून आलेली प्रवाशांनी भरलेली गाडी समुद्राने गिळली. त्यानंतर सरकारने ही जागा वस्तीस अयोग्य ठरवली. आज तिथे चर्चच्या पडक्या भिंती, काही झोपड्या आणि सखल वाळू आहे. वाऱ्याला अडवणारे फारसे काही उरलेले नाही, म्हणून तो एका समुद्रावरून दुसऱ्या समुद्रावर जवळजवळ न मोडता जातो. तिथे पतंग उडवताना त्या रात्रीची आठवण ठेवली पाहिजे असे मला वाटते, कारण ही जागा वाऱ्याने घडवली आहे आणि वाऱ्यानेच मोडलीही आहे.

तिसरी गोष्ट खोलीची. पाल्कचा उपसागर मुळातच उथळ आहे, आणि उत्तर किनाऱ्याला बऱ्याच ठिकाणी कमरेइतके पाणी दूरवर मिळते. कमरेइतके पाणी नवशिक्याला सर्वांत उत्तम: पडले तर लागत नाही आणि उठून उभे राहता येते. गुडघ्याखालचे पाणी उलट धोक्याचे असते, कारण पतंगाने उचलून टाकलेला माणूस थेट तळावर आपटतो. इथे भरती-ओहोटीतला फरक एक मीटरहून कमी असतो, हे वरवर किरकोळ वाटणारे तथ्यही महत्त्वाचे आहे. मुंबईत मोठ्या भरतीच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, त्यामुळे सकाळी शिकायला योग्य असलेली जागा दुपारी उरतच नाही. रामेश्वरला सकाळी जिथे कमरेइतके पाणी होते, तिथे संध्याकाळीही थोड्याफार फरकाने तेवढेच असते. तळाशी चालताना मात्र पाय उचलून टाकू नयेत, घासत न्यावेत. वाळूत दडलेले पाकट मासे त्या चाहुलीने दूर होतात.

पाण्याची ऊब ही केवळ चैन नव्हे. शिकणाऱ्याचा बहुतेक वेळ पाण्यात बसून, पतंग पुन्हा उडवण्यात आणि निसटलेला बोर्ड शोधण्यात जातो. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी झपाट्याने काढून घेते. थंड समुद्रात तासाभरात बोटे आखडतात, आणि आखडलेल्या बोटांनी सुरक्षेची कळ दाबणे कठीण होते. रामेश्वरला पाणी वर्षभर साधारण २६ ते ३० अंशांच्या घरात असते, त्यामुळे जाड रबरी पोशाखाशिवाय दोन-तीन तास सहज काढता येतात. धोका उन्हाचा असतो: वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी मान आणि पायांची वरची बाजू सोललेली असते. पूर्ण बाह्यांचा अंगरखा आणि भरपूर पाणी, याला पर्याय नाही.

शिकण्याचा क्रम सगळीकडे साधारण सारखाच आहे आणि बोर्डशिवाय सुरू होतो. आधी वाळूवर छोटा पतंग, मग पाण्यात मोठ्या पतंगाने नुसते अंग ओढवून घेणे, आणि त्यातही एक हात पाण्यात सुकाणूसारखा खुपसून वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकणे. बोर्ड निसटला की तो परत मिळवण्याचा हा एकच मार्ग असल्याने हा धडा कंटाळवाणा वाटला तरी गाळू नये. त्यानंतर बोर्डवर उभे राहणे येते. पाण्यात उकिडवे बसायचे, दोन्ही पाय बोर्डच्या पट्ट्यांत, गुडघे छातीशी, पतंग डोक्यावर स्थिर. मग पतंग बाराच्या काट्यावरून आधी अकराकडे किंचित न्यायचा आणि तिथून एका सलग झेपेत दीड-दोनपर्यंत खाली आणायचा. ओढ टाचांखाली जाणवते, बोर्ड पाण्यातून वर येतो, आणि त्या क्षणी पुढचा पाय सरळ करून नजर बोर्डवर न ठेवता दूर ठेवायची. पहिल्यांदा हे तीन सेकंद टिकते. साधारण दहा-बारा तासांच्या शिकवणीनंतर बहुतेकांना दोन्ही दिशांना थोडे अंतर कापता येते. देखरेखीशिवाय जाण्याइतकी तयारी व्हायला त्याहून अधिक दिवस लागतात.

मघाशी सांगितलेला पेच रामेश्वरला पूर्णपणे नाहीसा होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. उथळ पाण्याची हद्द संपली की वारा माणसाला उघड्या पाल्कच्या उपसागरात नेतो, आणि त्या बाजूला भारत-श्रीलंकेची सागरी सीमा दूर नाही. म्हणून इथे इंजिन लावलेली बचाव-बोट पाण्यात असल्याशिवाय नवशिक्याने उतरूच नये. प्रशिक्षण देणाऱ्याला पहिला प्रश्न बोटीचा विचारावा, दुसरा प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्राचा, आणि फीचा त्यानंतर. पट्टीचे शेवटचे टोक, अरिचलमुनै, जिथे दोन समुद्र भेटतात, तिथले प्रवाह जोरदार आहेत; ते पाहण्याचे ठिकाण आहे, पोहण्याचे किंवा शिकण्याचे नाही. हिवाळ्यात पट्टीच्या आतल्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, आणि २०२५ साली तमिळनाडू सरकारने धनुष्कोडीला त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर केले आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने डोक्यावर फडफडणारा बारा चौरस मीटरचा पतंग म्हणजे प्रचंड शिकारी पक्षीच असतो, त्यामुळे ते थवे जिथे चरत असतील तिथून लांब राहावे आणि वनखात्याने आखलेल्या हद्दी पाळाव्यात.

आपल्या घराजवळ काही सोय आहे का, असे मला अनेकजण विचारतात. उत्तर गोव्यात मोरजी-आश्वे पट्ट्यात हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत दुपारी खारा वारा सुटतो आणि तिथे शिकवणारेही आहेत. तो वारा समुद्राकडून येतो, म्हणून वाहून जाण्याची भीती कमी. पण त्याचा जोर पुष्कळदा दहा-बारा नॉटच्या आसपासच रेंगाळतो, त्यामुळे मोठा पतंग आणि बराच धीर लागतो. जमीन तापल्यामुळे सुटणारा हा वारा दुपारी एक-दोनच्या सुमारास उठतो आणि सूर्य कलला की मावळतो. पावसाळ्यात जोर भरपूर असतो, पण तेव्हाचा खवळलेला समुद्र कोणत्याही नवशिक्यासाठी नाही.

पुढच्या वेळी कोणत्याही किनाऱ्यावर गेलात, तर पतंग नसला तरी एक गोष्ट करून पाहा. पाण्याच्या कडेला उभे राहून कोरड्या वाळूची मूठ खांद्याच्या उंचीवरून हळूहळू सोडा आणि ती कुठे पडते ते पाहा. ती पाण्याकडे गेली, तर समोरचे पाणी सपाट असेल, आणि बोट शोधायला हवी. ती तुमच्या मागे, किनाऱ्यावर पडली, तर समोर लाटा असतील, आणि मागे झाडे किती अंतरावर आहेत ते मोजायला हवे. ती किनाऱ्याच्या कडेने लांब जाऊन पडली आणि तरीही पाणी सपाट असले, तर लाटा कशाने अडल्या आहेत, ते शोधत थोडे पुढे चालत जा.